लीजमधली अट : शाळकरी मूल नको



न्यू जर्सीतल्या आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. टाऊनचं नाव बदलतं, बाकी साधारण तेच. जुन्या स्ट्रिप मॉलच्या किंवा ओस पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागी खाली दुकानं आणि वर तीन-चार मजले घरं असा प्रकल्प येतोय. काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव आहेत. मागे साठ-सत्तर सालची, अंगणवाल्या घरांची जुनी वस्ती आहे. ट्रॅफिक वाढेल, शाळा आधीच भरल्यात, तेव्हा पिटिशनवर सही करा आणि पुढच्या हिअरिंगला या.

सही करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला सांगायचाय तो या वादाचा इतिहास. हा वाद याच राज्यात पन्नास वर्षांपूर्वी लढला गेलाय. आपल्या टाऊनला असे प्रकल्प घ्यावे का लागतात, बोर्डासमोर कुठला मुद्दा टिकतो आणि कुठला नाही, याचं मूळ तिथे आहे. आणि त्या गोष्टीच्या मध्यभागी शाळेत जाणारी मुलंच आहेत. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

‘मिक्स्ड-यूज’ हा शब्द आपल्याला इथे आल्यावर कळला, पण वस्तू लहानपणापासून ओळखीची. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत खाली किराणा, शिंपी, डॉक्टरांचा दवाखाना आणि वर बिऱ्हाडं. त्याला वेगळं नाव द्यावं असं कुणाला वाटलंही नाही. अमेरिकेतली जुनी गावंही अशीच होती. मेन स्ट्रीटवर खाली दुकान, वर राहती घरं. घर आणि दुकान कायद्यानं वेगळं करायची पद्धत विसाव्या शतकात आली. १९१६ साली न्यूयॉर्कनं सगळ्या शहराला लागू होणारा झोनिंगचा कायदा केला. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाचं प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि गाव जिंकलं. कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवायचा अधिकार गावाला आहे, असं कोर्टानं म्हटलं. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी अपार्टमेंटच्या इमारतीला जवळजवळ बांडगुळाच्या पंक्तीत बसवलंय. भोवतालच्या घरांमुळे तयार झालेली मोकळी हवा ती फुकट वापरते, असा एकूण सूर. आज हिअरिंगमध्ये ‘आमच्या नेबरहूडचं कॅरॅक्टर बिघडेल’ असं कुणी म्हणतं तेव्हा तोच शंभर वर्षांचा सूर बोलत असतो.

त्याआधी, १९१७ साली, त्याच कोर्टानं केंटकीतल्या लुईव्हिल शहराचा एक नियम रद्द केला होता. वंश बघून कुणी कुठल्या गल्लीत राहायचं हे तो नियम ठरवत होता. म्हणजे झोनिंगमध्ये वंश लिहायची सोय राहिली नाही. पण प्लॉट किमान अर्ध्या एकराचा हवा, घर एकाच कुटुंबाचं आणि सुटं हवं, अपार्टमेंट नको, असं लिहायला कुणाची हरकत नव्हती. नियमात माणसाचा उल्लेखच नाही, फक्त जमिनीची मापं. त्या मापांत कोण बसणार आणि कोण नाही, ते खिशावरून आपोआप ठरत होतं.

आता न्यू जर्सीकडे येऊ. दक्षिणेला, फिलाडेल्फियाच्या पलीकडच्या अंगाला, बर्लिंग्टन काउंटीत माऊंट लॉरेल नावाची टाऊनशिप आहे. क्षेत्रफळ २२ चौरस मैल. १९५० साली तिथे २,८१७ माणसं राहत होती, १९७० साली ११,२२१. शेतं विकली जात होती, हायवे झाले होते, नव्या कॉलन्या उठत होत्या. याच टाऊनशिपमध्ये स्प्रिंगव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. शेतमजुरी करून पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबं. काही घरं इतकी वाईट की मूळची ती कोंबड्यांची खुराडी होती. टाऊनशिप अशी घरं राहण्यास अयोग्य ठरवून बंद करत होती, पण त्या माणसांना परवडेल असं नवं घर गावात कुठेच बांधता येत नव्हतं. १९६४ च्या झोनिंगप्रमाणे रहिवासी भागात फक्त सुटी, एका कुटुंबाची घरं चालत.

म्हणून स्प्रिंगव्हिलच्या लोकांनी संस्था काढली आणि ३६ अपार्टमेंटचा एक छोटा प्रकल्प मांडला. छत्तीस! आज आपल्याकडे ज्या योजनांवरून रान पेटतं त्या दोनशे-तीनशे घरांच्या असतात. त्यांच्या पुढे होत्या एथल लॉरेन्स, डे-केअरमध्ये शिकवणाऱ्या बाई. टाऊनशिपनं नकार दिला. १९७० साली मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि तोंडावर सांगून गेले. परवडत नसेल तर गाव सोडावं लागेल, असा त्या बोलण्याचा मतलब. ज्यांच्यासमोर हे बोलणं झालं त्यांच्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गावात होती. १९७१ साली लॉरेन्स बाई आणि इतरांनी लीगल एडच्या तरुण वकिलांना हाताशी धरून दावा लावला.

या खटल्याच्या निकालपत्रात एक तपशील आहे, तो प्रत्येक पालकानं वाचावा असा. माऊंट लॉरेलनं १९६७ नंतर काही मोठ्या बिल्डरांना अपार्टमेंट बांधायची परवानगी दिली होती. मग गरिबांना नाही म्हणण्याचं कारण काय? त्या परवानगीच्या अटी बघा. घरं बहुतेक एक बेडरूमची, दोन बेडरूमची थोडीच. बिल्डरनं भाडेकराराच्या लीजमध्ये लिहून घ्यायचं की एक बेडरूमच्या घरात शाळेच्या वयाचं एकही मूल राहणार नाही आणि दोन बेडरूमच्या घरात दोनपेक्षा जास्त नाहीत. शिवाय सरासरी दर घरामागे ०.३ पेक्षा जास्त मुलं गावच्या शाळेत गेली, तर वरच्या सगळ्या मुलांचा शाळेचा खर्च बिल्डरनं भरायचा.

०.३ मूल. म्हणजे दहा घरं मिळून तीन.

हे वाचून राग येतो, पण त्यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण तो अजून चालू आहे. न्यू जर्सीत शाळांचा मोठा भार प्रॉपर्टी टॅक्सवर असतो. ऑफिस किंवा गोदाम आलं तर टॅक्स येतो आणि मूल एकही येत नाही. तीन बेडरूमचं साधं घर आलं तर टॅक्स थोडा आणि मुलं दोन. गावाच्या खातेवहीत मूल खर्चाच्या बाजूला बसतं. माऊंट लॉरेलनं ४,००० एकरांहून जास्त जमीन उद्योगांसाठी राखून ठेवली होती. त्यातली वापरात होती जेमतेम १००. बाकी मोकळी पडली तरी चालेल, पण तिथे मुलांवाली बिऱ्हाडं नकोत. आजही ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’च्या कॉलन्यांना आपली टाऊनं सहज हो म्हणतात, त्यात हाही हिशेब असतो. आजी-आजोबा चालतात, नातवंडं फक्त भेटीला.

२४ मार्च १९७५ रोजी न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी. म्हणणं साधं होतं. गावाला झोनिंगचा अधिकार राज्यानं सगळ्यांच्या भल्यासाठी दिलाय. तो वापरून आपला टॅक्स कमी ठेवायचा आणि गरजू कुटुंबं शेजारच्या गावावर ढकलायची, असं चालणार नाही. वाढत्या प्रत्येक गावानं आपल्या विभागातल्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांच्या गरजेचा वाजवी वाटा उचलला पाहिजे. निकाल राज्याच्या घटनेवर बेतलेला होता, त्यामुळे त्याचा पाया न्यू जर्सीतच राहिला.

यानंतर घरं उभी राहिली असतील असं वाटेल. माऊंट लॉरेलनं केलं काय, तर एकमेकांपासून लांब असलेले तीन तुकडे शोधले, सगळे मिळून सुमारे २० एकर, आणि कागदावर त्यांचं झोनिंग बदललं. एकही घर झालं नाही. इतर गावांनीही चालढकल केली. शेवटी जानेवारी १९८३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या कोर्टानं दुसरा, चांगलाच कडक निकाल दिला. टाऊन वाटा उचलत नसेल तर बिल्डर कोर्टात जाऊ शकतो. ठरावीक परवडणारी घरं द्यायला तो तयार असेल आणि जागा योग्य असेल, तर दाट बांधकामाची परवानगी त्याला कोर्टाकडून मिळू शकते. याला ‘बिल्डर्स रेमेडी’ म्हणतात. आज टाऊनचे वकील बोर्डाला ‘सांभाळून’ असं सांगतात ते यामुळेच. मंजूर आराखडा हाताशी असेल तर टाऊनला या दाव्यांपासून संरक्षण मिळतं. आराखड्यातला प्रकल्प आरडाओरडीला घाबरून फेटाळला तर तेच संरक्षण धोक्यात येतं, आणि मग इमारत किती उंच हे ठरवण्यात टाऊनचा हात राहीलच याची खात्री नाही.

पुढचं थोडक्यात. १९८५ साली राज्यानं कायदा केला आणि वाटे ठरवायला एक परिषद नेमली. त्या कायद्यात श्रीमंत टाऊनांना एक पळवाटही होती. पैसे मोजून आपला निम्म्यापर्यंत वाटा दुसऱ्या, बहुधा गरीब शहराच्या गळ्यात टाकता यायचा. ती २००८ साली बंद झाली. परिषद कामच करेना म्हणून २०१५ साली विषय पुन्हा कोर्टांकडे गेला. मार्च २०२४ च्या नव्या कायद्यानं परिषद मोडीत काढली आणि १ जुलै २०२५ पासून पुढच्या दहा वर्षांची चौथी फेरी सुरू झाली. राज्यातल्या ५६४ टाऊनांमध्ये एकाच वेळी एवढी चर्चा का पेटलीय, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मग खुद्द माऊंट लॉरेलचं काय झालं? लॉरेन्स बाईंनी इतकी वर्षं शिव्याशाप आणि धमक्या सोसल्या. १९९४ साली त्या गेल्या, तोवर त्यांच्या प्रकल्पातलं एकही घर उभं नव्हतं. १९९७ साली वादळी हिअरिंगांनंतर प्लॅनिंग बोर्डानं प्रकल्प मंजूर केला. तिथे लोक काय बोलले ते नोंदलेलं आहे: गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, टॅक्स वाढेल, शाळा बिघडतील. २००० च्या सुमारास पहिली कुटुंबं राहायला आली. पुढे मिळून १४० घरं झाली आणि वसाहतीला एथल लॉरेन्स यांचंच नाव दिलं गेलं.

प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी या वसाहतीचा दहा वर्षांचा परिणाम तपासला. २०१३ साली त्यावर ‘क्लाइंबिंग माऊंट लॉरेल’ हे पुस्तक आलं. शेजारच्या कॉलन्यांतल्या घरांच्या किमती, गुन्हे आणि टॅक्स, सगळं त्यांनी तशाच इतर गावांशी ताडून पाहिलं. वसाहतीमुळे झाला म्हणता येईल असा फरक सापडला नाही. शेजाऱ्यांपैकी अनेकांना तर अशी वसाहत जवळ आहे हेच ठाऊक नव्हतं. आत राहायला आलेल्या मुलांना मात्र शांत घर आणि चांगली शाळा मिळाली, आणि ती अभ्यासाला जास्त वेळ देऊ लागली. हे एका, नीट बांधलेल्या आणि नीट सांभाळलेल्या वसाहतीचं उदाहरण आहे. कुठलीही योजना आली की असंच होईल, असा त्याचा अर्थ नाही. पण १९९७ च्या हिअरिंगमधली भाकितं खोटी ठरली, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता आपल्याबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणांचं या राज्यातलं पहिलं घर म्हणजे गार्डन अपार्टमेंटमधलं वन-बेडरूम होतं. एकाचा पगार, दुसऱ्याला कामाची परवानगी नाही, हॉलमध्ये पाळणा, आणि डोळे स्कूल डिस्ट्रिक्टच्या रेटिंगवर. १९६७ च्या माऊंट लॉरेलच्या लीजनुसार ते मूल शाळेच्या वयाचं झालं की घर सोडावं लागलं असतं. १९८८ साली फेडरल कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलं आहेत म्हणून घर नाकारणं बेकायदा ठरलं, ज्येष्ठांच्या वसाहती तेवढ्या वगळल्या. आपण इथे निर्धास्त आलो ते त्यानंतर.

‘शाळा भरल्या’ हे वाक्य आपल्याविरुद्धही वापरून झालंय. २०१७ साली एडिसनच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीआधी घरोघरी एक निनावी पत्रक टपालानं आलं. चिनी आणि भारतीय लोक आपलं गाव ताब्यात घेतायत, शाळा गच्च भरल्यात, असा त्याचा रोख. दोन आशियाई उमेदवारांच्या फोटोंवर ‘डिपोर्ट’ असा शिक्का. क्रिकेटच्या मैदानांचाही राग त्यात होता. तेव्हा आपण सगळे खवळलो होतो, आणि योग्यच होतं. तिकडे मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला सोसायटीत घर नाकारलं अशी बातमी आली की आपलं रक्त उसळतं. मग इथे ‘तसले लोक येतील’ असं लिहिलेल्या मजकुरावर सही करताना पेन एक क्षण थांबायला हवं.

याचा अर्थ बिल्डर म्हणेल ती पूर्व दिशा, असा अजिबात नाही. याच राज्यात प्रिन्स्टनचा पामर स्क्वेअर आहे. खाली दुकानं, वर घरं, मधे हिरवळ, वीकेंडला आपण तिथे आइस्क्रीम खायला जातो. १९३० च्या दशकात तो उभा राहण्याआधी तिथल्या बेकर स्ट्रीटवर कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी वस्ती होती. ती तिथून उठवून बर्च अव्हेन्यूकडे हलवली गेली. देखण्या मिक्स्ड-यूजखाली कुणाचं घर गेलं हे विचारायला त्या वेळी कुठलं हिअरिंग नव्हतं. आज आहे, आणि ते नीट वापरायला हवं.

नीट वापरायचं म्हणजे काय, ते सांगतो. प्रकल्पाच्या २०० फुटांच्या आत तुमचं घर असेल तर हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी नोटीस यायला हवी. नकाशे आणि अहवालही १० दिवस आधी टाऊनच्या ऑफिसात बघायला मिळतात. बिल्डरचे इंजिनिअर, ट्रॅफिकतज्ज्ञ, प्लॅनर शपथेवर बोलतात आणि त्यांना प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पाचशे सह्यांच्या पिटिशनला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. नीट तयारी करून विचारलेले पाच प्रश्न त्यापेक्षा जड ठरतात.

पाण्याचं विचारा. २०२१ साली आयडा वादळात या राज्यानं काय भोगलं ते आपण पाहिलंय. मॉलचं डांबर काढून तिथे जमीन मोकळी सुटणार की आणखी काँक्रीट, पावसाचं पाणी मागच्या जुन्या घरांकडे वळणार का, ते आकड्यांत मागा. गाड्या कुठल्या रस्त्यावर बाहेर पडणार, शाळेच्या बसच्या वेळी ट्रॅफिक मोजलंय की सुट्टीत, फूटपाथ शाळेपर्यंत जातो का, ट्रक सामान कुठे उतरवणार? जुन्या घरांच्या बाजूला इमारतीची उंची उतरती ठेवता येईल का? खालची दुकानं खरोखर लागण्यासारखी आहेत की मिक्स्ड-यूज म्हणवून घेण्यापुरतं एक जिम? तिथे आज एखादं वाणसामानाचं दुकान किंवा डे-केअर चालू असेल तर त्यांचं काय?

राखीव घरांबद्दलही विचारा, पण उलट्या बाजूनं. ती इतर घरांमध्ये मिसळलेली आहेत की मागच्या कोपऱ्यात वेगळी काढलीयत? त्यात किती बेडरूमची घरं आहेत? आज राज्याचा नियम सांगतो की ज्येष्ठांसाठी नसलेल्या राखीव घरांपैकी किमान २० टक्के तीन बेडरूमची हवीत, म्हणजे मुलांवाल्या कुटुंबांसाठी. ०.३ मुलाच्या लीजपासून या नियमापर्यंत यायला लॉरेन्स बाईंचं जवळजवळ अर्धं आयुष्य खर्ची पडलं.

आणि शाळांची काळजी खरी असेल, ती असतेच, तर ती स्कूल बोर्डासमोर मांडा. वर्ग किती, वाढ किती धरलीय, नव्या इमारतीतून येणाऱ्या टॅक्समधला वाटा शाळेला मिळणार का, की टाऊननं बिल्डरला सवलत देऊन तो सोडून दिलाय? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम घेण्याचे करार टाऊन करतं, त्यांना ‘पायलट’ म्हणतात, आणि त्यातून शाळेकडे किती जातं हे त्या करारावर अवलंबून असतं. ही माहिती मागितलीत तर बोर्डाला उत्तर द्यावं लागेल. ‘मुलं नकोत’ म्हणालात तर त्याचं उत्तर १९७५ सालीच देऊन झालंय.

राखीव घर मिळायला कुटुंबाचं उत्पन्न विभागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत लागतं. ५० टक्क्यांखालच्या आणि ३० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळे गट असतात. आपल्या मुलांच्या वर्गातली असिस्टंट टीचर, स्कूल बसचा ड्रायव्हर, देवळाच्या स्वयंपाकघरातले महाराज, आत्ताच आलेलं एका पगारावरचं जोडपं, यांतले बरेच जण त्यात बसतात. आणखी दहा वर्षांनी कॉलेज संपवून पहिली नोकरी धरलेली आपली मुलगी याच टाऊनमध्ये, आई-बाबांपासून पाच मिनिटांवर राहायचं म्हणेल, तेव्हा तीही त्या यादीत असू शकेल.

तर मंडळी, हिअरिंगला जरूर जा. नकाशे आधी बघून, प्रश्न लिहून जा. कोण येणार हे सोडून काय बांधणार आणि कसं बांधणार हे विचारा. तुमच्या टाऊनमध्ये कुठली योजना आलीय आणि बोर्डासमोर काय विचारलंत ते खाली कमेंटमध्ये लिहा, दुसऱ्या टाऊनमधल्या पालकांना उपयोगी पडेल.